ग्रंथालयाच्या जुन्या लॅपटॉपसाठी मेमरी कार्ड पुरेल, की एसएसडीच घ्यावी?

चंद्रभागातीर:

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या संगणकांची देखभाल गेली चार वर्षे मी करतो. पेशाने मी शिक्षक आहे, त्यामुळे प्रश्न भाबडा वाटल्यास सांभाळून घ्यावे.

ग्रंथालयात दोन यंत्रे आहेत. पहिले म्हणजे २०१३ साली देणगीत मिळालेला लॅपटॉप. त्यात तिसऱ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि मिनिटाला ५४०० फेरे घेणारी ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला स्वीकारत नाही, म्हणून त्यावर लिनक्स घातले आहे. या लॅपटॉपवर आम्ही जुन्या दिवाळी अंकांची पाने स्कॅन करून ठेवतो. तो सुरू होऊन प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत पाच मिनिटे जातात आणि डिस्कही भरत आली आहे. दुसरे यंत्र म्हणजे वाचनकक्षातील रास्पबेरी पाय ४ (पुढे नुसते ‘पाय’) हा तळहाताएवढा छोटा संगणक. त्यावर पुस्तकांची सूची असून वाचक तिथे शोध घेतात आणि ग्रंथपाल नवी पुस्तके व देवघेव यांची नोंद तिथेच करतात. हे सगळे एका ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर चालते. गेल्या दीड वर्षात असे कार्ड दोनदा निकामी झाले. दुसऱ्या वेळी वीज जाऊन परत आल्यावर सूची उघडेचना आणि तीन आठवड्यांच्या नोंदी वहीवरून पुन्हा भराव्या लागल्या.

समितीने मंजूर केलेल्या रकमेत एक तर २५६ जीबीची दोन कार्डे येतात, किंवा २४० जीबीची एक एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क) आणि थोडी चिल्लर उरते. कार्डाच्या वेष्टनावर सेकंदाला १०० एमबी वेग छापलेला आहे आणि लॅपटॉपला कार्डाची खाच आहेच. दोन्ही यंत्रांची सोय एकदमच होत असल्याने समितीचा कल कार्डांकडे आहे. लॅपटॉपमध्ये एक कार्ड कायमचे बसवून त्यावरच लिनक्स चालवले, तर काय बिघडेल? आणि एसएसडीच घ्यायची असेल, तर ती कोणत्या यंत्राला द्यावी?

जुनापाना:

आपला प्रश्न भाबडा मुळीच नाही. कार्ड आणि एसएसडी यांच्या पोटात एकाच जातीची नँड फ्लॅश स्मृती असते, त्यामुळे भांडवल एकच आणि फरक केवळ डबीचा, असे वाटणे साहजिक आहे. खरा फरक त्या स्मृतीवर देखरेख करणाऱ्या कंट्रोलर नावाच्या चिपमध्ये असतो.

नँडचा स्वभाव विचित्र आहे. तिच्यावर लिहिता येते पानापानाने, म्हणजे साधारण १६ केबीच्या तुकड्यांत, पण पुसायचे झाले तर काही एमबींचा अख्खा ठोकळाच पुसावा लागतो, आणि प्रत्येक ठोकळा ठरावीक वेळा पुसल्यानंतर झिजतो. त्यामुळे एक छोटीशी नोंद बदलायची असली, तरी कंट्रोलरला नवी पाने दुसरीकडे लिहावी लागतात, कोणती माहिती आता कुठे आहे याचा तक्ता अद्ययावत ठेवावा लागतो, आणि जुने ठोकळे सवडीने रिकामे करावे लागतात. एसएसडीचा कंट्रोलर हे काम अनेक चिपांवर एकाच वेळी करतो, झीज सगळीकडे सारखी वाटून देतो, आणि कोणती जागा मोकळी झाली हे संगणकाकडून ट्रिम या आज्ञेद्वारे जाणून घेतो. मेमरी कार्डात बहुधा एक-दोनच चिपा असतात आणि कंट्रोलर जेमतेम असतो. कार्ड जन्माला आले ते कॅमेऱ्यासाठी. कॅमेरा एकामागून एक मोठ्या फायली ओतत जातो आणि ते काम कार्ड उत्तम करते. संगणक मात्र दिवसभर चुरा टाकत असतो: इथे चार केबीची नोंद, तिथे ब्राउझरची तात्पुरती फाइल, दर काही सेकंदांनी जर्नल, म्हणजे फाइल सिस्टिमने स्वतःच्या बदलांची ठेवलेली नोंद. पाणी साठवायला बांधलेल्या हौदात रोज मूठमूठ पीठ टाकावे, तसे ते आहे.

वेष्टनावरच्या १०० एमबीकडे त्यामुळे फार पाहू नये. तो आकडा सलग वाचनाचा, तोही अनुकूल परिस्थितीतला असतो. लेखनाची हमी वर्गाच्या चिन्हात दडलेली असते. क्लास १० आणि यू१ या चिन्हांचा अर्थ सेकंदाला किमान १० एमबी लेखन, तर यू३ आणि व्ही३० यांचा किमान ३० एमबी. त्यातही आपल्या लॅपटॉपमधील कार्डाची खाच आतून यूएसबी २.० वर जोडलेली असण्याची बरीच शक्यता आहे. तसे असेल, तर कार्ड कितीही महाग घेतले तरी प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबींच्या पुढे काटा सरकणार नाही. शिवाय कित्येक लॅपटॉप त्या खाचेतून सुरूच होत नाहीत, त्यामुळे तेही आधी तपासावे लागेल.

याउलट आपल्या लॅपटॉपची साटा जोडणी, म्हणजे हार्ड डिस्क जिथे जोडलेली असते ती, सेकंदाला ६ गिगाबिट क्षमतेची असणार आणि त्यावर साधी २.५ इंची एसएसडीसुद्धा सलग वाचनात ५०० एमबींच्या पलीकडे जाते. चार-चार केबींच्या विखुरलेल्या तुकड्यांत ती सेकंदाला हजारो, अनुकूल स्थितीत काही दहा हजार कामे उरकते. या विखुरलेल्या कामांतच आपली पाच मिनिटे जात आहेत. कार्ड बसवले, तर यंत्र आहे त्या हार्ड डिस्कपेक्षाही हळू चालेल. माझे मत स्पष्ट आहे: एकच एसएसडी घ्यावी, ती लॅपटॉपला बसवावी आणि पायसाठी पुढच्या वर्षी पुन्हा समितीकडे जावे.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. दुकानदार एम.२ आकाराची एनव्हीएमई एसएसडी जास्त वेगवान म्हणून पुढे करील. ती वेगवान असतेच, परंतु २०१३ च्या लॅपटॉपमध्ये तिला जागा नसते. आपल्याला हवी ती २.५ इंची, ७ मिमी जाडीची साटा एसएसडी.

रात्रपाळी:

जुनापाना यांचे बहुतेक विवेचन मान्य आहे, पण दोन ठिकाणी मला अडावेसे वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे कार्ड हार्ड डिस्कपेक्षाही हळू चालेल, हे सरसकट खरे नाही. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरा पुरा करायला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा आणि डोके सरकायला आणखी दहाबारा मिलिसेकंद धरले, तर विखुरलेली वाचने सेकंदाला पन्नास-साठच होतात. ए१ चिन्ह असलेल्या कार्डाला सेकंदाला किमान १५०० विखुरलेली वाचने आणि ५०० लेखने करावीच लागतात. ए२ साठी हेच आकडे ४००० आणि २००० आहेत, मात्र त्या वेगासाठी यंत्राचाही पाठिंबा लागतो आणि तो जुन्या खाचांमध्ये नसतो. ५०० लेखने म्हणजे चार केबींच्या हिशेबाने सेकंदाला जेमतेम २ एमबी, हे एसएसडीपुढे काहीच नाही, परंतु हार्ड डिस्कपेक्षा ते निश्चित सरस आहे. म्हणूनच रास्पबेरी पाय एवढ्याशा कार्डावर बरी चालते. बिनचिन्हाच्या स्वस्त कार्डांबद्दल मात्र जुनापाना म्हणतात तेच खरे. त्यांचे लेखन मध्येच काही सेकंद गोठते आणि यंत्र बंद पडले की काय असे वाटते. थोडक्यात, कार्डाची खोट वेगात कमी आणि टिकण्यात जास्त आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रश्नकर्त्यांचे नुकसान लॅपटॉपच्या संथपणाने झालेले नाही. नोंदी गेल्या त्या पायवरच्या कार्डातून. सूचीचा डेटाबेस प्रत्येक नोंदीबरोबर लॉग, म्हणजे बदलांची नोंद, कार्डावर उतरवतो. तो मारियाडीबी या मोफत डेटाबेस प्रणालीवर असेल, तर तिचे एक पान मुळात १६ केबीचे असते, आणि एका पुस्तकाच्या देवघेवीसाठी अशी अनेक पाने बदलतात. या छोट्या लेखनांनी कार्ड झिजते, आणि नेमके कंट्रोलर ठोकळे हलवत असताना वीज गेली, तर त्याचा स्वतःचा तक्ताच अर्धवट राहतो. अशा वेळी नुकतीच केलेली नोंदच नव्हे, तर कधीच न हात लावलेल्या फायलीही बिघडू शकतात. ज्या गावात वीज दिवसातून दोनदा जाते, तिथे असा डेटाबेस कार्डावर ठेवणे म्हणजे रोज जुगार खेळणे होय.

मग एसएसडी पायला द्यावी का? तसे करता येते. पाय ४ ला निळ्या यूएसबी ३.० खाचेतून साटा एसएसडी जोडता येते आणि तिच्यावरून ती सुरूही होते. मात्र चारही यूएसबी खाचांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, आणि सोबतचा अ‍ॅडॅप्टर ३ अँपिअरचा नसेल तर यंत्र अधूनमधून माना टाकते. वीज गेल्यावर बंद पडायचे ते पडतेच, कारण पायला बॅटरी नाही. लॅपटॉपला ती आहे. आपल्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटे टिकत असली, तरी नोंद पुरी करून यंत्र नीट बंद करायला तेवढा वेळ भरपूर आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, यंत्रे वाटण्यापेक्षा कामे वाटावीत. वाचक फक्त शोधतात, काही लिहीत नाहीत. लिहितात ते ग्रंथपाल. मूळ डेटाबेस लॅपटॉपवर, एसएसडीवर ठेवावा आणि नोंदी तिथेच कराव्यात. रोज रात्री, किंवा ग्रंथालय बंद करताना, त्याची एक प्रत पायकडे जावी आणि पायने ती केवळ वाचावी. रास्पबेरी पायच्या मांडणीच्या पर्यायांत ओव्हरले फाइल सिस्टिम नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की दिवसभरातले सगळे लेखन रॅममध्येच राहते आणि कार्डावर काहीही उमटत नाही. रोजची प्रत मग एखाद्या छोट्या पेन ड्राइव्हवर ठेवून ती सकाळी रॅममध्ये उतरवून घ्यावी. मी एका वसतिगृहाच्या सूचनाफलकासाठी ही रचना केली आहे. साधे १६ जीबीचे कार्ड तिथे पाचवे वर्ष पाहत आहे आणि पायची वायर कोणीही, केव्हाही उपटतो.

जुनापाना:

वाचनाच्या बाबतीत रात्रपाळी यांची दुरुस्ती मान्य. मी यूएसबीच्या खाचेतले बिनचिन्हाचे कार्ड डोळ्यांसमोर ठेवून लिहिले होते. कामे वाटण्याची कल्पना माझ्या सल्ल्यापेक्षा चांगली आहे.

चंद्रभागातीर:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तपासून पाहिले, लॅपटॉपमधील कार्डाची खाच खरोखरच यूएसबी २.० वर आहे आणि सुरू होण्याच्या यादीत ती दिसत नाही. त्यामुळे लॅपटॉपपुरता कार्डाचा प्रश्न निकालात निघाला. आता तीन शंका उरल्या आहेत.

स्वस्त एसएसडी किती टिकते? स्कॅनिंगचे काम जड आहे. ३०० डीपीआयवर ए४ आकाराचे एक रंगीत पान बिनदाबाच्या टिफमध्ये २६ एमबी होते आणि आम्ही दिवसाला दोनशे पाने करतो. दुसरी शंका, ही स्कॅन केलेली पाने कायमची एसएसडीवर ठेवावीत का? तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. समितीचे एक सदस्य काही शे रुपयांत मिळालेले दोन टीबीचे कार्ड भेट देऊ इच्छितात आणि त्यावर सगळे दिवाळी अंक मावतील असे त्यांचे म्हणणे आहे.

मांडवीतीर:

तिसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण मी त्यात पोळलो आहे. पणजीत आमच्या संस्थेच्या जुन्या छायाचित्रांसाठी मी स्वतः असेच एक कार्ड जालावरून मागवले होते. अशा कार्डात प्रत्यक्षात ८ किंवा १६ जीबीचीच चिप असते आणि कंट्रोलरला खोटे बोलायला शिकवलेले असते. संगणक विचारतो, जागा किती, तर तो दोन टीबी सांगतो. खरी जागा संपल्यावर पुढची माहिती जुन्यावरच लिहिली जाते, किंवा कुठेच जात नाही. फसवणूक लवकर कळत नाही, कारण फायलींची नावे ठेवणारा तक्ता सुरुवातीच्या जागेत असतो आणि तो शाबूत राहतो. यादीत सगळी नावे दिसतात, उघडायला गेले की निम्मी छायाचित्रे करडी. माझी चारशे छायाचित्रे अशी गेली. सुदैवाने मूळ कागदी प्रती होत्या.

लिनक्सवर एफ३ नावाचे छोटे मोफत साधन मिळते. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आहे. ही साधने पूर्ण कार्ड ओळखीच्या माहितीने भरतात आणि परत वाचून पडताळतात. मोठ्या कार्डाला रात्र लागते, पण खरे-खोटे कळते. समितीच्या सदस्यांसमोरच ही चाचणी लावावी. मग आपल्याला काही बोलावे लागणार नाही. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतलेल्या कार्डालाही मी हीच परीक्षा देतो, आणि पावती असल्याशिवाय घेत नाही.

चांगल्या कार्डाला मी नावे ठेवत नाही. स्कॅन केलेल्या पानांची एक प्रत कार्डावर घालून दुसऱ्या गावी पाठवायची असेल, तर त्यासारखे सोयीचे काही नाही. फक्त ती एकमेव प्रत नसावी.

जुनापाना:

टिकाऊपणाचा हिशेब सोपा आहे, कारण एसएसडीचे उत्पादक तो छापतात. टीबीडब्ल्यू म्हणजे एकूण किती टेराबाइट लेखनापर्यंत हमी आहे तो आकडा. किंग्स्टन ए४०० आणि क्रूशियल बीएक्स५०० या दोन्ही स्वस्त एसएसडींच्या २४० जीबीच्या नगाला तो ८० टेराबाइट आहे, तर सॅमसंग ८७० इव्होच्या २५० जीबीच्या नगाला १५०. आपली दोनशे पाने म्हणजे रोज सुमारे ५ जीबी. बाकीचे सगळे धरून रोज २० जीबी लेखन मानले, तरी ८० टेराबाइटला चार हजार दिवस लागतात. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे. त्याआधी लॅपटॉपच निवृत्त होईल. मेमरी कार्डावर असा आकडा बहुधा छापलेलाच नसतो. सीसीटीव्हीसाठी बनवलेल्या जास्त टिकणाऱ्या कार्डांवर चित्रीकरणाचे तास लिहिलेले असतात, पण ते तास सलग लेखनाचे असल्याने डेटाबेसला लागू पडत नाहीत.

स्वस्त एसएसडीत काटकसर कुठे केलेली असते, तेही सांगतो. बहुतेकींत डीरॅम, म्हणजे वर सांगितलेला तक्ता हाताशी ठेवणारी वेगवान स्मृती, नसते आणि नँडचा थोडासा भाग वेगवान कॅशसारखा वापरलेला असतो. एकाच वेळी साठ-सत्तर जीबी ओतले, की हा भाग भरतो आणि वेग एकदम घसरतो, क्वचित हार्ड डिस्कइतकाही खाली येतो. पानापानाने स्कॅन करणाऱ्याला हे कधी जाणवत नाही. पाचवा हिस्सा जागा मोकळी ठेवावी आणि महिन्यातून एकदा स्मार्टसीटीएल हे डिस्कची प्रकृती तपासणारे साधन चालवून एसएसडीने स्वतःविषयी ठेवलेली नोंद वाचावी. मेमरी कार्ड आपल्या प्रकृतीविषयी असे काहीच सांगत नाही. ते थेट जाते. अर्थात एसएसडीही पुष्कळदा कुरकुर न करता एका सकाळी गप्प होते, म्हणून रोजची प्रत चुकवू नये. आणि २४० जीबीची डिस्क काही ठिकाणी २२३ अशी दिसेल, तेव्हा दुकानदाराशी भांडू नये. तो हजार आणि १०२४ यांच्या हिशेबातला फरक आहे.

पाने कायमची ठेवण्यासाठी मात्र एसएसडी नको, कार्डही नको. नँडमधला विद्युतभार हळूहळू गळतो. जेडेक या चिप उद्योगाच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या घरगुती एसएसडीसाठीच्या मानकानुसार, ठरलेले सगळे लेखन वापरून झिजलेल्या एसएसडीने विजेशिवाय ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती धरून ठेवायची असते. नवी एसएसडी यापेक्षा कितीतरी जास्त काळ धरते, पण आपल्याकडच्या मे महिन्यात बंद कपाटाचे तापमान ३० अंशांवर थांबत नाही. भरलेली पाने हार्ड डिस्कवर ठेवावीत आणि दुसरी प्रत वेगळ्या इमारतीतल्या वेगळ्या हार्ड डिस्कवर. आपली ५०० जीबीची जुनी डिस्क मोकळी होणारच आहे. आधी तिची प्रकृती स्मार्टसीटीएलने पाहावी. बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांचे, म्हणजे खराब झालेल्या वा संशयास्पद तुकड्यांचे, आकडे शून्य असतील, तर ती दोन प्रतींपैकी एक म्हणून चालेल. लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह वापरात नसेल, तर तो काढून त्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क बसवायची चौकट, बसते आणि तिच्यात ही डिस्क मावते. उरलेल्या चिल्लरीत ती येईल.

चंद्रभागातीर:

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. मध्ये वार्षिक सभा होती.

समितीने एका एसएसडीला मान्यता दिली. दोन टीबीच्या कार्डाची एफ३ चाचणी सभेच्या आदल्या संध्याकाळी सदस्यांसमोरच लावली आणि ते कार्ड १५ जीबीच्या पुढे काहीही परत देऊ शकले नाही. सदस्यांनी ते खिशात घातले आणि विषय कार्यवृत्तात घेऊ नये अशी विनंती केली, ती मान्य झाली. लॅपटॉप आता बटण दाबल्यापासून पाऊण मिनिटात स्कॅनिंगला तयार होतो. सूचीचा मूळ डेटाबेस त्यावर हलवला आहे. पायवर ओव्हरले चालू केले असून ग्रंथपाल संध्याकाळी कुलूप लावण्याआधी एका बटणाने प्रत पाठवतात. पहिल्या आठवड्यात त्या दोनदा विसरल्या, तेव्हा वाचकांना नवी पुस्तके एक दिवस उशिरा दिसली, एवढेच झाले. त्यानंतर वीज सहा वेळा गेली. सूची प्रत्येक वेळी जशीच्या तशी उघडली.

जुन्या डिस्कचे दोन्ही आकडे शून्य निघाले. कॅडी मात्र मी जाडी न पाहता मागवली. आली १२.७ मिमीची आणि आमच्या लॅपटॉपला ९.५ मिमीची लागते, त्यामुळे ती परत पाठवली आहे आणि तोवर डिस्क जाड कापडात गुंडाळून ग्रंथपालांच्या खणात ठेवली आहे.